रात्री सगळं बंद, तरी मीटर पळतंय! कोणती वस्तू किती वीज खाते हे घरच्या घरी मोजायचं कसं?

तारतम्य
रविवारी हुक्की आली म्हणून घरातल्या एकूणएक वस्तूंच्या मागे वाकून पाट्या वाचल्या. कोण किती वॅटचं, रोज किती तास चालतं, सगळं वहीत मांडून गुणाकार केले. फ्रीज १८० वॅट, चोवीस तास, म्हणजे महिन्याला १३० युनिट. गिझर २००० वॅट, रोज दीड तास, ९० युनिट. चार पंखे मिळून ९०. वॉशिंग मशीन, टीव्ही, इस्त्री, पाण्याची मोटर, दिवे, कॉम्प्युटर धरून बेरीज आली ४१२. बिलावर आकडा २३६. (एसी या दिवसांत बंदच आहे, तो धरलेला नाही.)

म्हणजे एक तर माझं गणित कच्चं, नाही तर वीजवाले माझ्यावर मेहेरबान.

त्याहून विचित्र पुढचं. काल रात्री सगळे झोपल्यावर पंखे, दिवे, अगदी फ्रीजचंही बटण बंद करून मीटरपाशी गेले. लाल दिवा आपला लुकलुकतोय! घरात काहीच चालू नसताना वीज खातंय कोण? आणि पाटीवर विश्वास ठेवायचा नसेल तर खरा आकडा काढायचा कसा? जाणकारांनी सांगा.

खटका
भूत. बंद दिसतं, तरी वीज खातं. इंग्रजीत त्याला स्टँडबाय म्हणतात.

निवांत_नाना
बिल वाढलेलं नाही, मीटर जळालेलं नाही, मग रविवारी झोपायचं सोडून फ्रीजच्या मागे कशाला वाकायचं? कंबर धरली तर त्याचं युनिट वेगळं पडेल.

गणिती
नाना, झोपा. तारतम्य, तुमचा गुणाकार बरोबर आहे, गुणलेला आकडा चुकीचा आहे. पाटीवर असतो तो त्या वस्तूचा कमाल भार, कारण वायर आणि सॉकेट त्या हिशेबानं निवडायचे असतात. ती वस्तू सतत तेवढी वीज ओढते असा त्याचा अर्थ नाही. फ्रीजचा कॉम्प्रेसर चालू होतो, बंद होतो, परत चालू होतो. इस्त्री तापली की आतला थर्मोस्टॅट वीज तोडतो. गिझरचंही तेच.

गिझरला तर मीटरही लागत नाही, पाण्याचं गणित पुरतं. १ लिटर पाणी १ अंशानं तापवायला साधारण १.१६ वॅट-अवर लागतात (१००० वॅट-अवर म्हणजे १ युनिट). १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायचं तर ५२३ वॅट-अवर, म्हणजे अर्ध्या युनिटाला थोडं जास्त. २००० वॅटचा गिझर हे काम सोळा मिनिटांत उरकतो. तुम्ही बटण पाऊण तास चालू ठेवलंत तरी उरलेला वेळ तो बहुतेक गप्पच असतो, टाकीतून गळणारी उष्णता भरून काढण्यापुरता मधूनच जागा होतो. दोन वेळा १५ लिटर धरा, महिन्याला ३०-३२ युनिट. तुमचे ९० नाहीत.

आता लाल दिवा. मीटरच्या तोंडावर ३२००, १६०० किंवा १००० असा एक आकडा आणि पुढे 'इम्प' असं काहीतरी छापलेलं असेल. तो दिवा तितक्या वेळा लुकलुकला की १ युनिट. ३२०० असेल तर दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा आणि ११२५ ला त्यानं भागा, आले वॅट. १६०० असेल तर २२५० ला भागा, १००० असेल तर ३६०० ला. एकाच लुकलुकीवर जाऊ नका, दहांचा वेळ घेऊन सरासरी काढा.

चकतीवाला
आमच्याकडे अजून जुनं फिरत्या चकतीचं मीटर आहे. त्यावर '६०० फेरे' असं आहे. चालेल का हाच हिशेब?

गणिती
चालेल की. ६०० फेऱ्यांचं असेल तर ६००० भागिले एका फेरीचे सेकंद. चकतीवरच्या काळ्या खुणेवर नजर ठेवा.

भोचक_भवानी
मला कळत नाही, एवढं मीटरपुढे उभं राहून सेकंद मोजायचे कशाला? प्लगमध्ये खोचायचं मीटर मिळतं. सॉकेट आणि वस्तू यांच्या मध्ये बसवा, वॅट दाखवतं, युनिट साठवतं. मी वर्षभर वापरतेय. घरातली प्रत्येक वस्तू त्याच्यावरून गेलीय. नवऱ्याची दाढीची मशीनसुद्धा.

वायरमन_नाही_मी
ते उत्तम, पण दोन गोष्टी सांभाळा. त्या मीटरवर किती ॲम्पियरचं आहे ते बघा. १० ॲम्पियरचं असेल तर गिझर, एसी त्यावर लावायचे नाहीत. एक्स्टेंशन बोर्डातून तर नाहीच नाही. आमच्याकडे एकानं हीटर असाच लावला, तासाभरात पिन आणि सॉकेट एकजीव झाले. काढताना भिंतीसकट आलं.

दुसरं, अगदी कमी वॅटवर अशी मीटरं भरवशाची नसतात. दोन-तीन वॅटच्या खाली काहींवर शून्यच दिसतं. तेव्हा आधी एक साधा तारेचा बल्ब लावून आकडा लिहून घ्या, मग बल्बच्या जोडीला त्याच मीटरवर चार्जरही लावा आणि वजाबाकी करा.

सुरवंट
क्लॅम्प मीटर का नाही कोणी सुचवत? वायरभोवती चिमटा लावला की ॲम्पियर कळतात, गुणिले २३०, झालं वॅट. मी तसंच करतो. फ्रीज १.१ ॲम्पियर, म्हणजे २५३ वॅट.

भोचक_भवानी
आणि प्लगच्या मीटरवर तुमचाच फ्रीज १५० दाखवेल. बोला.

सुरवंट
मग तुमचं मीटर खोटं.

गणिती
भांडू नका, दोघांची उपकरणं खरीच बोलताहेत. क्लॅम्प फक्त प्रवाह सांगतो. मोटर असलेल्या वस्तूत प्रवाह आणि व्होल्टेज एका तालात चालत नाहीत, प्रवाह मागे रेंगाळतो. त्यामुळे व्होल्ट गुणिले ॲम्पियर हे 'व्होल्ट-ॲम्पियर' होतात, वॅट नाही. वॅट काढायला त्याला पॉवर फॅक्टरनं, म्हणजे त्यातला किती हिस्सा खरा कामाचा त्या आकड्यानं, गुणायला हवं. फ्रीजच्या कॉम्प्रेसरचा तो ०.६ निघाला तर २५३ चे १५२ झाले. गिझर, इस्त्री यांचा जवळपास १ असतो, तिथे सुरवंटांची पद्धत अगदी बरोबर. घरगुती बिल वॅटवर येतं, व्होल्ट-ॲम्पियरवर नाही.

आणि हो, क्लॅम्प अख्ख्या केबलभोवती लावला तर आकडा शून्य येतो. जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना मारतात. एकच तार चिमट्यात हवी.

सुरवंट
ते शून्य मी अनुभवलंय. गिझर चालू, पाणी गरम, क्लॅम्पवर शून्य. दोन दिवस वाटत होतं गिझर फुकट चालतोय. :)

झोपाळू
पॉवर फॅक्टरचा विषय निघालाच आहे तर, सॉकेटात खोचायचे 'वीज वाचवणारे' डबे असतात, ३० टक्के बिल कमी म्हणे. त्यातही पॉवर फॅक्टर सुधारतो असंच लिहिलेलं असतं. घ्यावा का?

वायरमन_नाही_मी
नका घेऊ. उघडून पाहिलाय. आत एक कपॅसिटर आणि एक हिरवा दिवा. कपॅसिटरनं पॉवर फॅक्टर सुधारेलही, पण घरगुती मीटर मुळात वॅटच मोजतं, त्यामुळे बिलात काडीचा फरक नाही. हिरव्या दिव्याची वीज तेवढी जास्त जाते.

तारतम्य
गणिती, तुमच्या प्रतिसादानं माझी झोप उडालीय. मीटरवर ३२०० आहे. रात्री परत सगळं बंद करून दहा लुकलुकी मोजल्या, ८० सेकंद. म्हणजे ८ सेकंदांना एक, म्हणजे १४० वॅट. काहीही चालू नसताना! महिन्याचे १०० युनिट होतात हो. बिलाचे २३६ आणि त्यातले १०० भुताचे?

आकड्यांवर विश्वास बसेना म्हणून आणखी एक केलं. झोपताना रीडिंग लिहिलं, सात तासांनी उठून परत लिहिलं. फ्रीज बंदच होता (आत काही नव्हतं, साफसफाईसाठी रिकामा केला होता). फरक ०.९८ युनिट.

खटका
मी विनोद म्हणून भूत म्हटलं होतं. माफ करा.

आजीचा_चष्मा
तरी मी म्हणते, मोबाइलचे चार्जर लटकत ठेवू नका. आमच्या घरात रोज ओरडावं लागतं. टीव्हीसुद्धा रिमोटनं बंद करतात आणि म्हणतात बंद केला. बटण बंद करायला हात झिजतात का?

भोचक_भवानी
आजी, टीव्हीबद्दल अर्धं बरोबर, चार्जरबद्दल नाही. माझ्या मोजणीत नुसता लटकलेला चार्जर ०.१ वॅटच्या आसपास. वर्षभर तसाच ठेवला तर एक युनिटही होत नाही. गणितींच्या हिशेबानं पावणेदोन बादल्या गरम पाणी. टीव्ही नवा असेल तर रिमोटनं बंद केल्यावर अर्ध्या वॅटच्या आतबाहेर. खरा चोर त्याच्या शेजारचा सेट-टॉप बॉक्स. रिमोटनं बंद केला की फक्त दिव्याचा रंग बदलतो, आमचा चालू असताना १३ वॅट, 'बंद' असताना ११. १० वॅट वर्षभर म्हणजे ८७ युनिट.

मोजूमाप
अर्धा वॅट हा योगायोग नाही. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनं स्टँडबायमध्ये कुठलीही वस्तू १ वॅटपेक्षा जास्त खाणार नाही असं बघा म्हणून मोहीम काढली. युरोपीय संघानं २०१३ पासून बहुतेक घरगुती वस्तूंना अर्ध्या वॅटची मर्यादा घातली. कारखाने जगभर एकच माल बनवतात, त्यामुळे फायदा सगळ्यांनाच झाला. जुनं सामान मात्र जुनंच.

आजीचा_चष्मा
मग मी इतकी वर्षं ओरडले ते फुकट?

खटका
आजी, जुन्या चार्जरच्या काळात बरोबरच होतं. ते जड, आत ट्रान्सफॉर्मरवाले, हाताला कायम कोमट लागायचे. कोमट लागतंय म्हणजे वीज खातंय. माझी तर हीच मोजण्याची पद्धत आहे, हात लावून बघायचा.

वायरमन_नाही_मी
खटकांची पद्धत दिसते तितकी बाष्कळ नाही. पण तारतम्य, तुम्ही शिस्तीत जा. एमसीबीच्या (म्हणजे एकेका लाइनच्या खटक्यांच्या) पेटीपाशी एक माणूस, मीटरपाशी एक. एकेक एमसीबी पाडायचा, लुकलुकीचा वेळ मोजायचा, लिहायचा. कुठल्या खोलीत भूत आहे ते कळेल. मीटरला, त्याच्या सीलला हात लावायचा नाही, पेटीचं झाकण उघडायचं नाही. खटके पाडायचे, बस.

अवांतरप्रेमी
तुमचं चालू द्या, मी जरा अवांतर. विजेचं मीटर निघालं तेव्हा हे लुकलुकणं वगैरे नव्हतं. १८८०च्या दशकातलं एडिसनचं मीटर म्हणजे जस्ताच्या पट्ट्या द्रावणात बुडवलेली बरणी. वीज गेली की एका पट्टीवरचं जस्त दुसरीवर चढायचं. महिन्यानं माणूस यायचा, पट्ट्या काढून तराजूत तोलायचा, वजनातल्या फरकावरून बिल! फिरत्या चकतीचं मीटर नंतरचं, हंगेरीच्या ओट्टो ब्लाथीनं १८८९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं.

निवांत_नाना
म्हणजे तेव्हा वीज किलोवर मिळायची. बरं होतं, तोलताना काटा तरी बघता यायचा.

चकतीवाला
म्हणूनच मी चकती सोडत नाही. नवी इलेक्ट्रॉनिक मीटरं पळतात हे सगळ्यांना माहीत आहे. तारतम्य, तुमचं मीटरच खोटं असणार.

मोजूमाप
याला थोडा आधार आहे, थोडाच. २०१७ साली नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाच्या प्रयोगांची बातमी गाजली होती. तपासलेल्या ९ इलेक्ट्रॉनिक मीटरांपैकी ५ मीटरांनी खऱ्यापेक्षा जास्त वीज दाखवली, सर्वांत वाईट नमुन्यात ५८२ टक्के जास्त. पण ते दिवे डिमरवर (उजेड कमी-जास्त करायच्या बटणावर) लावून, प्रवाहाचा आकार मुद्दाम वेडावाकडा करून. साध्या घरगुती भाराला सहसा तसं होत नाही. उलट चकतीचं म्हणाल तर जुन्या चकतीला घर्षणामुळे अगदी कमी भार ओढवत नाही, ती जागची हलत नाही. तुमचं भूत फुकट जेवतंय, एवढंच.

चकतीवाला
मग तर मी मुळीच सोडत नाही.

तारतम्य
कालचा रात्रीचा वृत्तांत. मुलगी मीटरपाशी घड्याळ घेऊन, मी पेटीपाशी. सुरुवातीला ८ सेकंद. हॉलचा एमसीबी पाडला, साडेदहा सेकंद झाले, म्हणजे १०७ वॅट. हॉलमध्ये ३३ वॅट होते: राउटर आणि त्याचा डबा, सेट-टॉप बॉक्स, बाकी किडूकमिडूक. झोपायच्या खोल्यांचे पाडले तर एकोणीस-साडेएकोणीस. खोल्यांत ४९. तिथे एसीचा स्टॅबिलायझर निघाला, एसी बंद पण तो आपला चालू, वर हात लावला तर कोमट (खटका, मानलं). आणि कॉम्प्युटरचा जुना यूपीएस. कॉम्प्युटर विकून वर्ष झालं, यूपीएस टेबलाखाली तसाच जोडलेला!

पण खरी गंमत पुढे. राहिलेले सगळे एमसीबी पाडले तरी आकडा हलेना. ५८ वॅट. पेटीतला एकूण एक खटका खाली आणि दिवा लुकलुकतोच आहे.

सुरवंट
कोणीतरी तुमच्या लाइनवरून ओढतंय. लिहून घ्या.

भोचक_भवानी
जिन्यातला दिवा? वरच्या मजल्यावरच्यांशी संबंध कसे आहेत?

वायरमन_नाही_मी
संबंध नंतर तपासा. मेन स्विच पाडा. त्यानंतरही लुकलुकलं तर मीटर आणि मेन यांच्या मधून कोणीतरी जोडलंय. थांबलं तर जे काही आहे ते तुमच्याच घरात.

तारतम्य
मेन पाडला. लुकलुकणं थांबलं. म्हणजे घरातच. पण सगळे एमसीबी खाली असताना घरात काय असणार? अंधारात पेटी दिसेना म्हणून पॅसेजमधला दिवा लावून तासभर सगळं पुन्हा तपासलं. काही नाही. हरले.

गणिती
एक मिनिट. मेन पाडलेला होता ना?

तारतम्य
हो.

गणिती
मग पॅसेजमधला दिवा लागला कशावर?

खटका
ओहो!!!

तारतम्य
...

इन्व्हर्टर. माळ्यावरचा. सासऱ्यांनी बसवलेला. मी तो यादीत धरलाच नव्हता. तो वीज देतो, घेतो कुठे, असं डोक्यात पक्कं बसलेलं!

वायरमन_नाही_मी
त्याची इनपुटची वायर मेनच्या लगेच पुढून, एमसीबीच्या आधी घेतलेली असणार. बऱ्याच ठिकाणी अशीच असते. आणि म्हणून सगळ्यांना सांगतो, मेन पाडला म्हणजे घर मेलं असं समजून कुठल्याही सॉकेटात हात घालू नका. इन्व्हर्टरच्या लाइनीत तेव्हाही पूर्ण वीज असते.

बॅटरी किती जुनी? पाणी कधी घातलं होतं? थकलेली लेड-ॲसिड बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही. चार्जर तिला रात्रंदिवस पाजत राहतो आणि ते सगळं उष्णतेत जातं. गरम लागत असेल तर आजच बंद करा. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, बंद माळ्यावर ते बरं नाही.

तारतम्य
सात वर्षं. पाणी कधी घातलं ते सासऱ्यांनाही आठवत नाही. वरून चांगलीच तापलेली होती. बंद केली. यूपीएस काढला, स्टॅबिलायझरचं बटण बंद. आता दोन लुकलुकींत ३४ सेकंद. मी चक्क खुर्ची घेऊन बसले होते.

झोपाळू
मग सगळ्यांनी आता स्मार्ट प्लग लावावेत का? फोनवर दिसतं म्हणे कोण किती खातंय.

भोचक_भवानी
एक-दोन घ्या आणि फिरवत राहा. प्रत्येक सॉकेटात एकेक लावलात तर तेच भूत होतात. माझा एक स्वतःसाठी जवळपास १ वॅट घेतो. असे दहा लावले तर वर्षाचे ८७ युनिट नुसते मोजण्यात गेले. तुमचा सेट-टॉप बॉक्स परवडला.

आजीचा_चष्मा
ट्यूबलाइट सारखी चालू-बंद केली तर सुरू होताना अर्ध्या तासाची वीज जाते, हे तरी खरं ना?

गणिती
नाही आजी. सुरू होताना जास्त प्रवाह जातो तो सेकंद-दोन सेकंदच. अर्ध्या तासाची वीज तेवढ्यात ओढायची तर फ्यूज उडाला असता. सारखी चालू-बंद केल्यानं ट्यूबचं आयुष्य कमी होतं, ते खरं.

तारतम्य
पाच आठवड्यांनी धागा वर काढतेय. नवं बिल आलं: १७१.

आणि मूळ प्रश्नाचंही उत्तर मिळालं. भोचक यांचं ऐकून प्लगचं मीटर आणलं. फ्रीज पूर्ण आठवडा त्यावर ठेवला, कारण एक-दोन तासांचा आकडा कामाचा नाही. कधी कॉम्प्रेसर चालू सापडतो, कधी बंद, कधी बर्फ वितळवायचा हीटर लागलेला. आठवड्याचे ७.७ युनिट, महिन्याला ३३. माझ्या वहीत १३० होते. इस्त्री अर्धा तास: पाटीनं अर्धा युनिट, मीटरनं ०.२२. वॉशिंग मशीनची पाटी २००० वॅटची, पण ते सगळं पाणी तापवायच्या हीटरचं. थंड पाण्यावर धुतलं तर एका धुण्याला पाव युनिटही जात नाही.

म्हणजे जे दिसत होतं ते मी तिपटीनं जास्त धरलं होतं आणि जे दिसत नव्हतं ते शून्य.

गणिती
अभिनंदन. पण १०७ वॅट कमी झाले म्हणजे महिन्याला ७७ युनिट. २३६ वजा ७७, १५९ यायला हवे होते. १२ युनिट कुठे गेले?

तारतम्य
इन्व्हर्टरला नवी बॅटरी घातली, तो भरलेल्या अवस्थेत १२ वॅट घेतो, ते ९ झाले. उरलेले ३ माझ्या आठवडाभराच्या इस्त्रीच्या प्रयोगांचे धरा. एकच शर्ट चार वेळा केला.

निवांत_नाना
माझ्या मीटरवर ३२०० लिहिलंय. अकरा सेकंद येतात. हे बरं की वाईट?

खटका
नाना!! रात्रीचा दीड वाजलाय!

गणिती
१०२ वॅट. फ्रीज बंद करून मोजलंत का?

निवांत_नाना
थांबा.